फडातली प्रत्येक चिमणी ‘चिमणी’ नसते



या सदरात आजवर आपण बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणी, पाण्याची बचत असे विषय घेतले. या वेळचा विषय जरा निराळा आहे. मागच्या आठवड्यात बांबवडे भागात प्लॉट पाहणीस गेलो असताना एका तरुण सभासदाला म्हटले, पुढच्या अंकात पाखरांवर लिहिणार आहे. तो हसला. म्हणाला, “साहेब, गव्याचं नि रानडुकराचं लिवा. चिमणी किती खाणार?”

त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. शाहूवाडीच्या पश्चिमेकडच्या गावांत गवा एका रात्रीत जे करतो त्यापुढे पाखरांचे नुकसान काहीच नाही. पण गव्याला आपण ओळखतो. गवा समजून कोणी म्हैस मारत नाही. पाखरांच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते आणि ते माझ्या हातूनही घडलेले आहे. म्हणून हा लेख.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. कडवी नदीच्या काठावर एका सभासदाचे वीस गुंठे भात आणि त्याला लागून एकरभर आडसाली ऊस होता. भाद्रपदाचा महिना. भात निसवून दाण्यात चीक भरत होता. लहान तपकिरी पाखरांचे थवे भातावर पडायचे आणि हाकलले की उसात शिरायचे. सभासद वैतागून म्हणाले, “साहेब, ह्या चिमण्यांची वस्ती ह्या बांधावरच्या गवतात हाय. काय करू?” मी बांधावर जाऊन पाहिले. गवतात आणि उसाच्या कडेच्या सरीत बारीक पाखरे हालत होती, शेपट्या वर करून ओरडत होती. मी सांगून मोकळा झालो, की बांध साफ करा, कडेच्या सरीचा पाला काढा, वस्ती मोडली की चिमण्या जातील. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन गडी लावून बांध कापून घेतला.

चार दिवसांनी मी परत गेलो. भातावरचे थवे होते तसेच होते. बांधावर मात्र कापलेल्या गवतात तीन घरटी पडलेली होती. एकात चार अंडी, तांबड्या विटेच्या रंगाची, वार्निश लावल्यासारखी चकचकीत. सभासदांचे वडील, वय सत्तरीच्या पुढचे, सारा जन्म गुरांमागे गेलेला, ते अंड्यांकडे बघत म्हणाले, “साहेब, ही वटवटी. हिनं कधी भात खाल्लाय? तिला दाना फोडायची चोच तरी हाय का? भात खानारी ती वर तारंवर बसलीया, ती बगा.” मी वर पाहिले. तारेवर जाड चोचीच्या मुनिया ओळीने बसल्या होत्या.

कृषी पदविकेच्या अभ्यासात आम्हाला पक्ष्यांचे पान होते. ‘पिकांचे शत्रू’ या धड्यात उंदीर, घूस, खेकडा, मग पक्षी. त्या एका पानावर सगळी बारीक पाखरे एकत्रच होती. त्या दिवशी माझ्या सल्ल्याने भाताचा एक दाणा वाचला नाही आणि उसातल्या अळ्या वेचणारी तीन घरे मात्र गेली. त्यानंतर मी पाखरे नीट बघायला लागलो. जे शिकलो ते येथे देत आहे.

पहिली गोष्ट, पाखरू दिसले की रंग पाहू नका, चोच पाहा. रंग उन्हात एक, सावलीत एक, पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात भलताच असतो. चोच बदलत नाही. चोच जाड, आखूड, बुडाला रुंद, मक्याच्या दाण्यासारखी असेल तर ते पाखरू दाणा फोडणारे. चोच बारीक, लांबट, दाभणासारखी असेल तर ते अळी, पतंग, नाकतोडे, कोळी टिपणारे. बारीक चोचीच्या पाखराला भाताचा दाणा सोलता येत नाही. हा एकच नियम लक्षात ठेवला असता तर माझ्याकडून वरची चूक झाली नसती.

दुसरी गोष्ट मापाची. पाखराचे माप सांगताना इंच-सेंटिमीटरचा उपयोग नाही. चिमणी, साळुंकी आणि कावळा ही आपली तीन मापे. ‘चिमणीपेक्षा लहान’, ‘साळुंकीएवढे’ असे म्हटले की निम्मी पाखरे बाजूला होतात. मग शेपटी किती लांब, वर उभारते की खाली ठेवते, डोळ्यावर भुवई आहे का, एकटे आहे की थव्यात आहे, हे बघावे. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी काही अडत नाही. पहाटे सहा ते आठ या वेळेत बांधावर दहा मिनिटे न हालता बसावे, पाखरे आपण होऊन बाहेर येतात.

आता मुख्य गोंधळ, म्हणजे वटवट्या.

आपल्या भागात उसाच्या कडेला दोन वटवट्या हमखास आहेत. एक राखी वटवट्या आणि दुसरा साधा वटवट्या. दोन्ही चिमणीपेक्षा लहान, दोन्हींची शेपटी अंगाच्या मानाने लांब, दोन्ही शेपटी उभारून पाल्यातून पाल्यात सरकतात. राखी वटवट्याची पाठ पाटीच्या रंगाची, राखी. पोट फिकट तांबूस. डोळा तांबडा. शेपटीच्या टोकाशी काळे-पांढरे ठिपके दिसतात. एका झुडपातून दुसऱ्या झुडपात उडताना चटचट असा आवाज येतो, चुलीतली ओली काटकी फुटावी तसा. तो आवाज आला की पाखरू न दिसताही ओळखावे. साध्या वटवट्याला नावाप्रमाणे काही नटवेपणा नाही. पाठ मातकट, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर फिकट भुवई. उसाच्या शेंड्यावर किंवा गवताच्या काडीवर बसून तो कोरडा, एकसुरी, टिकटिक असा आवाज न थकता काढत राहतो. शिवणयंत्र लांबून ऐकावे तसा.

या दोन्ही पाखरांना शास्त्रीय नावे मिळाली ती आपल्या दख्खनमुळेच. कंपनी सरकारच्या फौजेत कर्नल साइक्स नावाचा अधिकारी होता. मुंबई इलाख्यात पिके, माणसे, महसूल यांची मोजणी करण्याचे काम त्याच्याकडे होते. ते करता करता त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी केली आणि ती १८३२ साली लंडनला छापली. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या या दोघांची शास्त्रीय नावे त्याच यादीतली आहेत. राखीला त्याने ‘सोशालिस’ म्हणजे मिळून राहणारा म्हटले, आणि साध्याला ‘इनऑर्नाटा’ म्हणजे दागिना नसलेला. मोजणी करायला आलेल्या परक्या माणसाने जो फरक दोनशे वर्षांपूर्वी टिपला तो त्याच मातीत राबणाऱ्या आम्हाला माहीत नसावा, याची मला थोडी लाज वाटली, खरे सांगतो.

घरट्यावरूनही दोघे वेगळे. राखी वटवट्या बांधावरच्या खुरट्या झुडपात, फार तर कमरेएवढ्या उंचीवर घरटे करतो. कधी पाने शिवून, कधी गवताची पिशवी विणून. अंडी वर सांगितली तशी तांबडी आणि चकचकीत. साधा वटवट्या उंच गवतात आणि उभ्या पिकात पात्यांना बांधून विणलेली पिशवी करतो, त्याची अंडी निळसर-हिरवट, वर ठिपके. पावसाळा हा दोघांचा विणीचा मुख्य हंगाम. म्हणजे आपण भाताचा बांध बेणतो आणि आडसालीची भरणी करतो त्याच दिवसांत यांची पिल्ले घरट्यात असतात.

राखी वटवट्याचा आणखी एक सख्खा शेजारी म्हणजे शिंपी. पाने शिवतो म्हणून शिंपी, पण राखीही पाने शिवतो, म्हणून घरट्यावरून ओळखायला गेलात तर फसाल. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट, पोट पांढरे. राखीच्या पाठीत हिरवा रंग कधीच नसतो. शिंप्याचा आवाज त्याच्या देहाच्या मानाने फार मोठा, ‘टुविट् टुविट् टुविट्’. शिंपी घराच्या परसात, केळीत, जास्वंदीत जास्त, आणि वटवट्या शिवारात जास्त. उसाला लागून घर असेल तर दोन्ही एकाच बांधावर भेटतात.

गणपतीच्या सुमारास आणखी एक बारीक चोचीचे पाखरू येते. रंग मातकट-हिरवट, अंगावर रेघ नाही, ठिपका नाही. झुडपात लपून ‘चक् चक्’ करते, दिसत जवळजवळ नाही. हा थंडीतला पाहुणा वटवट्या. फार उत्तरेकडून, हिमालयापलीकडून येतो आणि उन्हाळ्यात परत जातो. याची शेपटी आखूड, गोलसर, तो ती आपल्या वटवट्यासारखी सतत उभारून ठेवत नाही. एवढे कळले तरी पुरे. या जातीतले बारकावे सांगायला मोठे जाणकारही दोनदा विचार करतात.

आता दाणा खाणाऱ्यांकडे वळू. येथे तीन मंडळी आहेत, चिमणी, सुगरण आणि मुनिया. लांबून तिन्ही ‘चिमण्याच’.

घरचिमणी सर्वांना माहीत आहे. नराचा गळा काळा, माथा राखी. मादी मातकट, डोळ्यामागे फिकट पट्टा. ती माणसाच्या घराला धरून राहते. वस्तीपासून लांब, भर शिवारात मोठा थवा दिसला तर तो घरचिमण्यांचा नसून बहुधा सुगरणींचा असतो. सुगरणीची मादी आणि पावसाळा सोडून इतर दिवसांतला नर हुबेहूब चिमणीच्या मादीसारखे दिसतात. फरक असा, की सुगरणीची चोच अधिक जाड, शेपटी आखूड आणि भुवई अधिक पिवळट. विणीच्या दिवसांत नर ओळखायला चष्मा नको. माथा आणि छाती पिवळीधमक, तोंडावर काळपट मुखवटा.

आपण सुगरण म्हणतो आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे खोपा विणणारी ती बाईच, असे आपल्या सर्वांच्या मनात बसले आहे. प्रत्यक्षात खोपा विणतो नर. डॉ. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या वसाहतीवर दिवसचे दिवस बसून हे नीट पाहिले. नर अर्धा खोपा विणून थांबतो. माद्या येऊन खोपे तपासतात. एखादीला पसंत पडला तर ती त्यात राहते, मग नर तो पुरा करतो आणि लगेच दुसरा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे अर्धेच लोंबत राहतात. आपल्या विहिरीवरच्या बाभळीला अर्धवट खोपे का दिसतात, याचे उत्तर हे. (एका वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “घर बघून होय म्हनती, शहाणी हाय.”)

सुगरणीविषयी आपल्या सभासदांची तक्रार असते की ती उसाची पाने फाडते. खरे आहे. पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडून ती लांब चिरी ओढून नेते, भाताच्या पात्याचीही नेते. पण कडेच्या चार सऱ्यांची थोडी पाती चिरली म्हणून उसाचे वजन घटत नाही, हे मी प्लॉटवर पाहून सांगतो. भाताचा दाणा मात्र ती खाते, त्यात शंका नाही. तरीही एक बाजू विसरू नये. पिल्ले लहान असताना सुगरण आणि घरचिमणी दोघीही त्यांना अळ्या व किडे भरवतात. दाणा खाणाऱ्या पाखराच्या पिल्लालाही वाढायला किडा लागतो.

राहिली मुनिया. कोणी हिला मनोली म्हणतात. चिमणीपेक्षा लहान, शेपटी आखूड टोकदार, चोच मात्र अंगाच्या मानाने भलती जाड. भातावरचे माझे ‘चिमण्यांचे’ थवे हेच होते. आपल्याकडे जास्त दिसते ती ठिपकेवाली. पाठ चॉकलेटी, पोटावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. दुसरी काळपट, जिच्या पाठीचा शेपटीजवळचा भाग पांढरा, उडाली की तो पांढरा ठसा लख्ख दिसतो. मोकळ्या माळावर फिकट रंगाची, काळ्या टोकदार शेपटीची, पांढऱ्या गळ्याची मुनिया भेटते. खरी पंचाईत पिल्लांची. दिवाळीच्या सुमारास बाहेर पडलेली ठिपकेवालीची पिल्ले साधी मातकट असतात, खवले अजून उमटलेले नसतात. तेव्हा चोच पाहावी. आणि आई-बाप थव्यात असतातच.

लाल मुनिया हा वेगळा विषय आहे. पावसाळ्यात नर लालबुंद होतो, अंगावर पांढरे ठिपके, जणू तांदूळ उधळलेत. हिवाळा सरला की तोही मातकट होतो, पण चोच आणि शेपटीचे बूड लालच राहते, त्यावरून ओळखता येतो. ऊस आणि उंच गवत ही त्याची आवडती जागा. हा रंगच त्याच्या जिवावर उठतो. जाळी लावून पकडून पिंजऱ्यात विकणारे लोक फडाच्या कडेला येतात, “आम्ही भात खाणारी पाखरे नेतो, तुमचेच काम होते,” असे सांगतात. तसे कोणी आले तर परवानगी देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानपाखरे पकडणे आणि विकणे हा गुन्हा आहे, आणि जाळ्यात लाल मुनियेबरोबर वटवट्याही अडकतो. तो विकला जात नाही, मग ते त्याला तेथेच टाकून जातात.

मग भाताचे काय, हा प्रश्न राहतोच. मुनिया आणि सुगरण यांचा उपद्रव मुख्यतः चीक भरल्यापासून दाणा टणक होईपर्यंत असतो. या दोन-तीन आठवड्यांत सकाळी आणि संध्याकाळी राखण हवी. ती दुपारी केली तरी फारसा उपयोग नाही, पाखरू दुपारी खात नाही, सावलीला बसते. चमकती फीत पिळा देऊन बांधावी आणि दर तीन-चार दिवसांनी जागा बदलावी, नाहीतर पाखरे तिला सरावतात. बुजगावण्याचेही तसेच. आणि शेजाऱ्यापेक्षा पंधरा दिवस आगाप किंवा मागास भात करू नये. साऱ्या शिवारात एकदमच निसवले तर नुकसान वाटले जाते, एकट्याचे उशिरा राहिले तर सगळे थवे त्याच्यावर. माझ्या त्या सभासदाचे तेच झाले होते. त्यांची लावण आठवड्याभराने मागे होती. बांधाचा काही संबंध नव्हता.

विष घातलेले दाणे मात्र कदापि टाकू नयेत. फोरेटचे दाणे पूर्वी आपण सऱ्यांतून सर्रास टाकत होतो. ते खाऊन साळुंक्या मेलेल्या मी पाहिल्या आहेत. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी कोणाच्या माळ्यावर जुनी पिशवी पडलेली असते. ती वापरू नये.

साळुंकीवरून हुमणीकडे येऊ, कारण तेथे खरा पैशाचा प्रश्न आहे. नांगरट करताना हुमणीच्या अळ्या वर येतात आणि नांगरामागे पाखरे जमतात. बगळे आणि कावळे सर्वांना दिसतात. साळुंक्याही दोन प्रकारच्या असतात हे कमी जणांना ठाऊक आहे. एक नेहमीची, डोळ्याभोवती पिवळी कातडी असलेली. दुसरी जरा करड्या रंगाची, तिच्या डोळ्याभोवती पिवळे काही नाही, चोचीच्या बुडाशी कपाळावर केसांचा छोटा तुरा, आणि डोळा निळसर-फिकट. ही रानसाळुंकी. मलकापूरच्या पश्चिमेला, आंब्याकडे जावे तशी ही जास्त भेटते. हिच्या आपल्याकडच्या पोटजातीचे शास्त्रीय नाव ‘महरट्टेन्सिस’, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातली. तेही साइक्सनेच दिलेले. दोन्ही साळुंक्या नांगरामागे अळ्या वेचतात, म्हणून येथे फरक कळला नाही तरी नुकसान नाही. पण फरक कळला की बघायला मजा येते, एवढे खरे. नांगरट सकाळी करावी, म्हणजे पाखरांना दिवस मिळतो. रात्री ट्रॅक्टर लावला तर वर आलेल्या अळ्या पहाटेपर्यंत पुन्हा मातीत शिरतात.

काळ्या पाखरांत असाच घोळ होतो. कोतवाल सर्वांना माहीत आहे, शेपटी दुभंगलेली, म्हशीच्या पाठीवर बसून किडे उडवणारा. थंडीत त्याच्यासारखाच पण राखी रंगाचा, लाल डोळ्यांचा दुसरा कोतवाल येतो, तो झाडीत अधिक राहतो. दयाळ, चीरक आणि गप्पीदास यांत मात्र लोक नेहमी चुकतात. दयाळ साळुंकीपेक्षा थोडा लहान, काळा-पांढरा, पंखावर लांब पांढरा पट्टा, पोट पांढरे. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे कौलावर बसून जो सुंदर गातो तो हाच. चीरक सगळा काळा, फक्त शेपटीखाली तांबूस, शेपटी नेहमी पाठीवर उलटी टाकलेली, आणि खांद्यावरचा पांढरा ठिपका उडाल्यावर स्पष्ट दिसतो. तो दगडी बांधावर, माळावर. गप्पीदास चिमणीपेक्षाही लहान, काळ्या अंगावर खांद्याला आणि शेपटीच्या बुडाला पांढरे. तो उसाच्या शेंड्यावर किंवा कुंपणाच्या खांबावर बसतो आणि खाली झेप घेऊन किडा उचलून परत तेथेच बसतो. तिघांच्या माद्या राखी-मातकट असतात आणि त्या पाहून लोक पुन्हा ‘चिमणी’ म्हणतात. चोच पाहावी, तिन्ही बारीक चोचीच्या आहेत. तिघेही किडे खाणारे.

बुलबुलांचे थोडक्यात सांगतो. ‘बुडाला लाल तो लालबुड्या’ असे धरून चालू नये, कारण शिपाई बुलबुलचे बूडही लाल असते. शिपायाचा तुरा टोकदार उभा, गाल पांढरा आणि त्यावर लाल ठिपका, पोट पांढरे. लालबुड्याचे डोके काळे, तुरा आखूड विस्कटलेला, अंगावर खवले. आंबा, विशाळगड या बाजूच्या ओल्या झाडीत शिपाई अधिक, पूर्वेकडच्या उघड्या शिवारात लालबुड्या. दोघे फळे आणि किडे दोन्ही खातात, उसाला त्यांचा त्रास नाही.

कोणी विचारील, ही किडे खाणारी पाखरे राखली तर औषधाचा खर्च वाचेल का? मी तसे सांगणार नाही. खोडकीड किंवा कांडीकीड एकदा उसात शिरली की वटवट्याला ती सापडत नाही. तिच्यासाठी ट्रायकोकार्ड वेळेवर लावावेच लागते. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा त्याला आटोक्यात आणायला डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक कामी आले, पाखरांनी तो थांबवला असे कोणी म्हणू नये. पण पानावर उघड्या फिरणाऱ्या अळ्या, पतंग, तुडतुडे, नाकतोडे यांच्यावर ही बारीक चोचीची मंडळी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम करतात, पिल्ले असली की दुप्पट. त्यांची मजुरी नाही, त्यांना पाळी द्यावी लागत नाही. आपण फक्त त्यांचे घर मोडायचे नाही.

त्यासाठी दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. बांध एकदम सगळा तासू नये. भातासाठी पाण्याची वाट हवी तेवढी काढावी, पण उसाच्या बाजूची दोन-तीन फूट पट्टी दसऱ्यापर्यंत राखावी. तेथे काँग्रेस गवत असेल तर ते फुलापूर्वी हाताने उपटावे, बाकीचे गवत राहू द्यावे. दुसरी गोष्ट पाचटाची. पाचट जाळू नये, हे मी या सदरात इतक्या वेळा लिहिले आहे की वाचणारे कंटाळले असतील. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते, ते सऱ्यांत दाबले की सेंद्रिय खत होते, हे सर्वांना पाठ आहे. पण तोडीच्या आधी पेटवलेल्या फडात रात्रीच्या मुक्कामाला कोण कोण बसलेले असते हे एकदा संध्याकाळी सहा वाजता फडाच्या कडेला उभे राहून पाहावे. मुनिया, सुगरणी, वटवटे, सारे अंधार पडायच्या आत उसात उतरतात. टोळीच्या मुकादमाशी बोलताना, फड पेटवायचा नाही हे सौदा ठरतानाच सांगावे. टोळी रानात आल्यावर सांगून उपयोग होत नाही, असा माझा अनुभव आहे.

शाळेत जाणारी मुले असतील तर हे काम त्यांना द्यावे. त्यांची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असते. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ शाळेच्या किंवा गावच्या वाचनालयात मिळाला तर नावे लावायला फार उपयोगी पडतो. नाहीतर वहीत एवढेच लिहावे, कोणत्या तारखेला, कोठे, चोच जाड की बारीक, काय खाताना पाहिले. नाव नाही लागले तरी हरकत नाही. घरातले म्हातारे माणूस असेल तर त्याला आवाज ऐकवावा. माझी चूक ज्यांनी दाखवली त्या आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नव्हते, तरी वटवट्या, शिंपी आणि मुनिया त्यांनी मला नुसत्या आवाजावर वेगळे करून दाखवले.

या पावसाळ्यात आपल्या बांधावर किंवा कडेच्या सरीत तांबड्या चकचकीत अंड्यांचे घरटे आढळल्यास हात लावू नये, शेजारची पाने दूर करू नयेत, नाहीतर कावळ्याला ते दिसते. गट कार्यालयात गट नंबर आणि सरी कळवावी. त्या सरीची भरणी बारा-पंधरा दिवस पुढे ढकलता येते का, ते मी स्वतः येऊन पाहीन.

— ऊस विकास अधिकारी